बोंड फुटण्याआधी: दुर्मिळ कंद घरच्या बियांपासून वाढवताना

फूल कोमेजलं आणि दांड्याच्या टोकाशी हिरवी गाठ, म्हणजे बियांचं बोंड, फुगू लागली, की बहुतेक जण दांडा कापून टाकतात. बी धरलं तर कंदाची ताकद जाते असं सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण तो कंद सहजासहजी मिळणारा नसेल, तर त्या गाठीत पुढच्या पन्नास झाडांची सोय असते. एखाद्या वर्षी कंद थोडा बारीक झाला तर होऊ द्या, पुढच्या हंगामात खतपाण्यावर तो सावरतो. बी मात्र धरा.

ज्यांनी आजवर कंद विकत आणले किंवा कुणाकडून पिल्लं, म्हणजे मोठ्या कंदाच्या बाजूला फुटणारे लहान कंद, मागून घेतली, पण बी कधी पेरलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्या अनुभवात कंदाचं बी उगवणं अवघड नसतं. अवघड असतं ते कोणतं बी काय मागतं हे ओळखणं, आणि उगवल्यावर पहिली दोन वर्षं ते राखणं. मी आजवर जी रोपं गमावली, ती जवळजवळ सगळी या दोन ठिकाणी.

बियांच्या वाटेला का जायचं? पिल्लं म्हणजे आईचीच प्रत. आईच्या पानांवर विषाणूचे पिवळे पट्टे असतील, तर पिल्लंही तो रोग घेऊनच जन्मतात. हिपिअ‍ॅस्ट्रम (बाजारात जिला अ‍ॅमरिलिस म्हणतात ती) आणि लिलीमध्ये हे फार दिसतं. हे विषाणू बहुधा बियांतून पुढे जात नाहीत, त्यामुळे रोगट झाडाचाही वंश स्वच्छ सुरू करता येतो. शिवाय काही कंद पिल्लं द्यायला फारच कंजूष असतात. ब्राझीलच्या डोंगरकड्यांवरची निळी वर्सलेया त्यातलीच. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: घरी बी तयार झालं, की रानातला कंद उपटायची गरज उरत नाही. १९१० मध्ये वनस्पती-संग्राहक अर्नेस्ट विल्सन यांनी चीनमधल्या मिन नदीच्या खोऱ्यातून रीगल लिलीचे हजारो कंद खणून बाहेर नेले. त्याच मोहिमेत दरड कोसळून त्यांचा पाय मोडला. आज त्याच लिलीचं एक बोंड शेकड्यांनी बी देतं आणि रोपं दोन-तीन वर्षांत फुलतात. स्नोड्रॉप आणि स्टर्नबर्गिया या दोन्ही प्रजातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या संकटात असलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील कराराखाली नियंत्रित आहे, कारण रानातून त्यांचे कंद उपसण्याचं प्रमाण तेवढं वाढलं होतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: बी आपल्या कुंडीतल्या झाडाचं घ्या, किंवा ज्यानं स्वतः वाढवलं आहे त्याच्याकडून घ्या. संरक्षित जागेतून बोंडही तोडू नका.

किती वाट पाहावी लागेल?

हे आधी कळलेलं बरं, म्हणजे मध्येच हात टेकले जात नाहीत. झेफिरॅन्थस आणि हॅब्रॅन्थस, म्हणजे आपण ज्यांना रेन लिली म्हणतो, त्या पेरल्यापासून एक-दोन वर्षांत फुलतात. तैवानची लिलियम फॉर्मोसॅनम तर सगळं जमलं तर वर्षाच्या आतही फुलते. हिपिअ‍ॅस्ट्रमला तीन ते चार वर्षं, नेरिनेला तीन ते पाच. ट्युलिप पाच ते सात वर्षं घेते. वर्सलेयासाठी त्याहून जास्त धीर लागतो.

पहिल्यांदाच करत असाल तर रेन लिलीपासून सुरुवात करा. एक-दोन वर्षांत पूर्ण चक्र डोळ्यांसमोरून जातं आणि हात बसतो. पण त्याच वर्षी एखाद्या हळू वाढणाऱ्या जातीचं बीही पेरून ठेवा. पाच वर्षांची वाट आज सुरू केली तरच पाच वर्षांनी संपते.

पराग टाकणं

एकच झाड असेल तर आधी त्याचा स्वभाव पाहा. अनेक दुर्मिळ मूळ जाती, म्हणजे रानात असतात तशा, संकर न केलेल्या, स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत. फुलं भरपूर येतात, पण गाठ दोन आठवड्यांत पिवळी पडून गळते. एकाच कंदाची दहा पिल्लं असली तरी ती या हिशेबात एकच झाड. वेगळ्या बियांतून आलेलं दुसरं झाड लागतं. हिपिअ‍ॅस्ट्रमचे मोठ्या फुलांचे बाजारी संकर बहुधा स्वतःच्या परागांवरही बी धरतात, मूळ जाती मात्र बहुतेक धरत नाहीत. काही रेन लिली याच्या अगदी उलट: त्यांच्यात परागण झालं तरी बी आईचीच प्रत म्हणून तयार होतं. अशा जातीत संकर करायचा प्रयत्न केला, तर सगळी रोपं आईसारखीच निघतात. त्यात तुमची चूक काही नसते.

दोन झाडं वेगवेगळ्या वेळी फुलत असतील तर पराग साठवा. परागकोश फुटून पावडर मोकळी झाली, की ते कागदाच्या लहानशा पुडीत घ्या, एक दिवस सावलीत कोरडे होऊ द्या आणि पुडी सिलिका जेलच्या घट्ट डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पुडीवर नाव आणि तारीख घाला. असे पराग काही महिने सहज टिकतात. बाहेर काढल्यावर डबी उघडायची घाई नको; ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि पराग वाया जातात.

आता फुलाजवळ या. हिपिअ‍ॅस्ट्रमचं फूल उघडतं तेव्हा परागकोश लांबट आणि मिटलेले असतात. काही तासांत ते फुटतात, आक्रसून निम्म्याहून लहान होतात आणि पिवळ्या पावडरीनं माखतात. त्या वेळी स्त्रीकेसराचं टोक, म्हणजे कुक्षी, अजून मिटलेली असते. एक-दोन दिवसांनी ती टोकाशी तीन भागांत उघडते, बाहेरच्या बाजूला वळते आणि चमकते. बोटानं हलकेच टेकवलं तर चिकट लागते. पराग टाकायची वेळ ती. काही जातींत कुक्षी तीन भागांत फुटत नाही, टोकाशी नुसती गोल गाठ असते. तिथे चमक आणि चिकटपणाच पाहायचा.

संकर करायचा असेल तर फूल पुरतं उघडण्याआधीच त्याचे परागकोश चिमट्यानं काढून टाका. मग ज्या फुलाचे पराग हवेत त्याचा एक पुंकेसर तोडून कुक्षीवर सरळ घासा. ब्रशपेक्षा हे सोपं, कारण ब्रशच्या केसांत मागच्या फुलाचे पराग राहतात. सकाळी केलं, तर दुसऱ्या दिवशीही पुन्हा एकदा करा. लगेच दोरा बांधा आणि त्यावर चिठ्ठी: आई कोण, बाप कोण, तारीख. "नंतर लिहितो" म्हटलं की ते लिहिलं जात नाही.

बोंड राखणं

परागण लागलं असेल तर आठवड्याभरात गाठ फुगायला लागते. रेन लिलीचं बोंड साधारण तीन आठवड्यांत पिकतं, हिपिअ‍ॅस्ट्रमचं चार ते सहा आठवड्यांत, कधी त्याहून थोडं उशिरा. लिलीचं बोंड कित्येक महिने घेतं. या काळात झाडाला नेहमीसारखं पाणी द्या, दांडा वजनानं वाकत असेल तर काठीचा आधार द्या, आणि उगाच दाबून पाहू नका.

बोंड हिरवं असताना तोडायचं नाही. रंग पिवळट झाला, टोकाशी तीन शिरांवर बारीक रेघ दिसू लागली, की फुटायला दोन-चार दिवस उरले असं समजा. त्याआधीच बोंडाला पातळ जाळीच्या कापडाची लहान पिशवी बांधून ठेवा. मी एकदा बोंड फुटण्याची वाट पाहत दोन दिवस बाहेरगावी गेलो आणि परत आलो तेव्हा तीन पाकळ्यांचं रिकामं टरफल वाऱ्यात हलत होतं. त्या जातीचं दुसरं बोंड मला चार वर्षांनी मिळालं. तेव्हापासून पिशवी बांधल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

बी हातात आलं: आता ते वाचा

इथे जरा थांबा, कारण सगळं पुढचं यावर ठरतं. कंदवर्गीय झाडांचं बी ढोबळमानानं दोन स्वभावांचं असतं, आणि एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारतं.

पहिला स्वभाव कोरड्या बियांचा. हिपिअ‍ॅस्ट्रम आणि रेन लिली यांचं बी काळं, चपटं, कागदासारखं असतं. लिली आणि फ्रिटिलारियाचं तपकिरी, पातळ पापुद्र्याचं. हे वाऱ्यावर उडण्यासाठी बनलेलं बी आहे. यात भरलेलं आणि पोकळ ओळखावं लागतं. एकेक बी उजेडासमोर धरा. लिलीच्या बियात मधोमध लहानशी सरळ रेघ दिसते, तो गर्भ. काळ्या बियांत आरपार दिसत नाही, तिथे बोटांच्या टोकांत धरून पाहा: मधे फुगीर दाणा लागला तर बी भरलेलं, नुसता कागद लागला तर भूस. एखाद्या बोंडात अर्ध्याहून जास्त भूस निघालं तर नाराज होऊ नका, संकरात ते नेहमीचंच.

कोरडं बी दोन-तीन दिवस सावलीत पसरून वाळवा आणि कागदी पाकिटात घालून, सिलिका जेलसह घट्ट बरणीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट घातलं तर राहिलेल्या ओलीनं बुरशी येते. तरीही साठवणं हा दुसरा पर्याय समजा. हिपिअ‍ॅस्ट्रम आणि रेन लिलीचं ताजं बी जवळजवळ सगळं उगवतं, आणि महिने जातील तशी उगवण खाली येत जाते.

दुसरा स्वभाव रसाळ बियांचा. क्रायनम, नेरिने, अ‍ॅमरिलिस बेलाडोना, ब्रुन्सविगिया, बूफोने, हिमँथस, स्कॅडॉक्सस. यांचं बी गोल, मऊ, हिरवट किंवा गुलाबी, पाण्यानं भरलेलं. बेलाडोनाचं बी तर फिकट मोत्यांच्या घोसासारखं दिसतं. हे बी वाळवायचं नाही, साठवायचं नाही, फ्रीजमध्ये कोंडायचं नाही. वाळलं की मेलं. त्यामागचं कारण समजलं की विसरायला होत नाही: यातल्या बऱ्याच जातींचं बी ओला हंगाम तोंडावर आला असताना पिकतं. पाऊस येतोच आहे, मग वाट पाहण्यासाठी कवच बनवायची गरज काय? बूफोने आणि ब्रुन्सविगियाचा तर अख्खा सुकलेला फुलोरा चाकासारखा वाऱ्यावर गडगडत जातो आणि वाटेत बी सांडत राहतं. ते पडेल तिथे लगेच रुजतं.

क्रायनमचं बी एकदा तरी जवळून पाहावं. ते लिंबाएवढंही होऊ शकतं, वेडंवाकडं, एखाद्या खडबडीत बटाट्यासारखं. खऱ्या अर्थानं त्याला बीजकवच नसतंच. बाहेरून बुचासारखा पातळ थर आणि आत हिरवा गर. समुद्रकिनाऱ्यावर वाढणाऱ्या क्रायनम एशियाटिकमचं बी पाण्यावर तरंगत दूरवर जातं. माझ्या खिडकीत कोरड्या बशीत ठेवलेल्या एका बियानं पाण्याचा थेंबही न मिळता मोड काढला. जाड पांढरा मोड आधी बाहेर आला, मग वळून खाली गेला आणि त्याच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा धरला. तो फुगवटा म्हणजे कंद. पान त्यातून आलं, बियातून नाही. म्हणून क्रायनमचं बी कधी पुरू नका. मातीवर नुसतं ठेवा, मोड स्वतःच खाली वाट काढतो.

हिमँथस आणि स्कॅडॉक्ससचं बी लाल फळात असतं. फळ पुरतं लाल आणि मऊ होईपर्यंत थांबा, याला अनेक महिने लागतात. मग गर पूर्ण काढा, पाण्यात चोळून बी स्वच्छ करा. गर राहिला तर उगवण अडते आणि बुरशीही लागते. हे करताना हातमोजे घाला. अ‍ॅमरिलिस कुळातल्या या झाडांत लायकोरिनसारखी विषारी द्रव्यं असतात. कंद, बी, फळ यातलं काहीही मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागू देऊ नका.

एक छोटी तिसरी जात आहे, तिचं नाव घेऊन पुढे जातो: स्नोड्रॉपसारख्या काही बियांच्या टोकाला तेलकट गोळा असतो, मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात. असं बीही ताजं असतानाच पेरायचं.

पेरणी

माती साधी ठेवा. एक भाग चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड धुतलेली वाळू, एक भाग पर्लाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे). शेणखत, गांडूळखत आत्ता नको, ते बुरशीला आमंत्रण आहे. मिश्रण कुंडीत भरून त्यावर उकळतं पाणी ओता आणि पूर्ण थंड झाल्यावर पेरा. कुंडी पसरट नको, खोल हवी, निदान १२ ते १५ सेंटिमीटर. दाण्याएवढा कंदही आकुंचन पावणाऱ्या मुळांनी स्वतःला खाली ओढून घेतो, उथळ ताटलीत तो तळाला जाऊन बसतो आणि अडतो. कुंडीच्या भोकावर बारीक जाळी टाका. ट्युलिपचं रोप दरवर्षी एक पोकळ फांदीसारखी नळी खाली सोडतं आणि नवा कंद तिच्या टोकाशी धरतं. जाळी नसेल तर ते कंद भोकातून सरळ बाहेर जातात.

काळं कागदी बी आधी पाण्यावर तरंगवून रुजवावं असं मी नवख्यांना सांगतो, कारण डोळ्यांसमोर काय चाललंय ते दिसतं. काचेच्या वाटीत स्वच्छ पाणी घ्या, बी वर पसरा, उजेडाच्या पण थेट उन्हाच्या नाही अशा जागी ठेवा. २० ते २५ अंश सेल्सिअसला एक ते तीन आठवड्यांत बियाच्या कडेतून पांढरं मूळ निघतं. दर दोन दिवसांनी पाणी बदला. बुडालेलं बी वाईट असतंच असं नाही, पण गढूळ झालेलं आणि वास येणारं लगेच काढा. मूळ एक-दोन सेंटिमीटर झालं आणि हिरवं टोक दिसू लागलं, की पेन्सिलीनं मातीत भोक पाडा, मूळ आत सोडा, बी मात्र वर राहू द्या. या वेळी मूळ फार ठिसूळ असतं. बोटांनी न धरता चमच्यानं पाण्यासकट उचला.

थेट मातीतही चालतं: बी दाट पेरा, वर अर्धा सेंटिमीटर वाळू किंवा बारीक खडी. खडीचा थर महत्त्वाचा आहे. त्यानं शेवाळ धरत नाही, पाण्याच्या मारानं बी उघडं पडत नाही आणि मातीत अंडी घालणारी चिलटं दूर राहतात.

थंड प्रदेशातल्या जातींचं गणित वेगळं. ट्युलिप, फ्रिटिलारिया आणि अनेक कॅलोकॉर्टस यांच्या बियाला गारठा मिळाल्याशिवाय ते जागं होत नाही. झिपच्या पिशवीत ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारा, भाजून फुगवलेला अभ्रकासारखा चुरा) घ्या. ओल एवढीच, की मुठीत दाबलं तर थेंब पडू नये. त्यात बी मिसळून ४ ते ५ अंशांवर सहा ते बारा आठवडे ठेवा. पांढरे मोड दिसले की कुंडीत.

मार्टागॉन लिलीसारख्या काही लिलींना दोन टप्पे लागतात, आणि बरेच जण इथेच बी मेलं समजून फेकून देतात. आधी दोन-तीन महिने २० अंशांच्या आसपास: या काळात पिशवीत पान येत नाही, पण प्रत्येक बियाच्या टोकाशी पांढरा चिमुकला कंद तयार होतो. मग दोन-तीन महिने फ्रीजमध्ये. मग परत उबेत, आणि तेव्हा कुठे पहिलं पान. पिशवी उजेडासमोर धरलीत तर ते कंद दिसतात.

लाशेनालिया, मोरिया अशा हिवाळी पावसाच्या प्रदेशातल्या कंदांना गारठवायची गरज नाही, पण रात्री गार व्हायला लागल्यावरच पेरा. उकाड्यात पेरलं तर ते आपली वेळ येईपर्यंत गप्प बसतं.

नावाची पट्टी

प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहा. शाईचं मार्कर उन्हात एका वर्षात उडतं, पेन्सिल टिकते. दुसरी पट्टी त्याच नावाची कुंडीत पूर्ण पुरून टाका. वरची पट्टी पक्षी उपटतो, मूल उपटतं, ऊन तडकवतं. वहीत प्रत्येक पेरणीला क्रमांक द्या: आई, बाप, बोंड फुटल्याची तारीख, पेरल्याची तारीख, किती पेरलं, किती उगवलं. नाव हरवलेलं दुर्मिळ झाड नुसतं सुंदर झाड उरतं. दुसऱ्याला देताना, पुढचा संकर करताना, त्याचा उपयोग संपतो.

पहिली दोन वर्षं

कंदाचं रोप गवतासारखं दिसतं. एकच बारीक हिरवा धागा, टोकाशी कधी काळं बी टोपीसारखं अडकलेलं. ट्युलिपचं पहिलं पान तर कांद्याच्या रोपासारखं पोकळ. घरातल्या प्रत्येकाला ही कुंडी दाखवून ठेवा, कारण गवत समजून ती साफ करणारा माणूस बहुधा मदत करायलाच आलेला असतो. त्या टोपीलाही हात लावू नका. बी अजून रोपाला पोसत असतं.

पहिलं वर्ष पाण्याचं. मोठ्या कंदाला जशी कोरडी विश्रांती देतो तशी रोपाला द्यायची नाही. पोटात साठा नसतो, महिनाभर कोरडं राहिलं तर तांदळाएवढा कंद वाळून जातो. माती सतत वाफशावर ठेवा, म्हणजे बोटाला ओल लागावी पण चिखल लागू नये. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून पाणी चढू द्या, वरचा थर ओला दिसला की बाहेर काढा. ताटलीत तशीच सोडली तर कंद कुजतात. हिपिअ‍ॅस्ट्रमचं रोप पान हिरवं असेपर्यंत वाढतंच राहतं, त्याला पहिली दोन-तीन वर्षं मुद्दाम झोपवू नका. जितकी पानं, तितका कंद.

ट्युलिप, फ्रिटिलारिया, लाशेनालिया मात्र आपणहून झोपतात. पान पिवळं पडायला लागलं की पाणी कमी करा, पूर्ण सुकलं की बंद. कुंडी सावलीत ठेवा आणि अगदी भट्टीसारखी तापू देऊ नका. या वेळी कुंडी रिकामी दिसते, आणि याच वेळी अनेकांची माती दुसऱ्या कुंडीत जाते. कुंडीवर मोठ्या अक्षरात "आत कंद आहेत" अशी चिठ्ठी चिकटवा.

दुसरं पान फुटलं की खत सुरू करा: पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथा हिस्सा, दोन आठवड्यांतून एकदा, आणि नत्रापेक्षा पालाश जास्त असलेलं. नुसत्या नत्रावर पानं लांब, लुळी होतात आणि कंद भरत नाही. ऊन सकाळचं द्या. लांब, फिकट, आडवी पडलेली पानं म्हणजे उजेड कमी.

वेगळं करायची घाई करू नका. एकाच कुंडीत दाट वाढलेली रोपं एकेकट्या रोपांपेक्षा चांगली भरतात, कारण एवढी मुळं माती लवकर कोरडी करतात आणि पाणी साचून राहत नाही. मी दोन हंगाम कुंडीला हात लावत नाही. तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला माती ताटात उलटी करून चाळणीनं चाळतो. तेव्हा तळापर्यंत शोधा. सगळ्यात चांगले कंद बहुधा तळालाच असतात.

काय बिघडतं

रोपं बुडाशी पाण्यासारखी मऊ होऊन एका बाजूनं कोसळत गेली तर ती मर, म्हणजे रोपांचा बुरशीचा रोग. पाणी थांबवा, हवा खेळू द्या, पडलेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट काढा. उरलेली कोरड्या वाळूचा थर टाकून अनेकदा वाचतात. काळी बारीक चिलटं कुंडीवर घोंगावत असतील तर त्यांच्या अळ्या मुळं खात असणार: खडीचा थर वाढवा, पिवळे चिकट कागद लावा, माती थोडी सुकू द्या. पानांच्या बगलेत पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, कापसाला स्पिरिट लावून पुसा. पानांवर आणि दांड्यावर लाल-तांबडे डाग पसरत असतील तर ती बुरशी, वरून पाणी घालणं बंद करा आणि डाग असलेला भाग कापून दूर टाका. क्रायनम आणि हिमेनोकॅलिसवर पट्ट्यांच्या अळ्या पडतात आणि एका रात्रीत पान पोखरून आतून कंदापर्यंत जातात. त्यांच्यासाठी टॉर्च घेऊन रात्री पाहण्याशिवाय खात्रीचा उपाय नाही.

गोगलगाईंबद्दल एवढंच: त्या एका रात्रीत वर्षभराचं काम संपवतात. रोपांच्या कुंड्या जमिनीवर ठेवू नका.

पहिलं फूल

कंदाचा घेर वाढतो, पानांची संख्या वाढते आणि एका हंगामात पानांच्या कडेनं चपटं टोक वर येतं. ते पान नाही हे लगेच कळतं, कारण ते जाड असतं आणि टोकाशी मिटलेलं असतं. कुंडी आता हलवू नका, पाणी तुटू देऊ नका.

संकराची भावंडं एकसारखी नसतात. एकाच बोंडातल्या रोपांत रंग, पट्टे, पाकळीची रुंदी, सुगंध सगळं वेगळं निघू शकतं, त्यामुळे प्रत्येक रोपाला स्वतःचा क्रमांक द्या आणि फुलाचा फोटो त्या क्रमांकाच्या पट्टीसकट काढा. पहिल्या वर्षी दांड्यावर बहुधा कमी फुलं येतात, आकारही लहान असतो. कोणतं ठेवायचं आणि कोणतं दुसऱ्याला द्यायचं, हे दुसऱ्या फुलोऱ्याशिवाय ठरवू नका. मात्र त्या पहिल्या फुलाचे पराग त्याच सकाळी पुडीत घ्या आणि पुडीवर तारीख घाला.